गॉन आणि बीन

हर्णैच्या बर्फ कारखान्यात मी पावत्या फाडते.
लाद्या किती, बोट कुणाची, रोख की उधार.
कोऱ्या पाठीवर शब्द लिहिते, रोजचे वीस.
ओल्या बोटांनी चाळता चाळता
रिलक्टंटमधला शेवटचा टी विरघळला परवा.
फ्रुगल मात्र टिकून आहे.
तो आमच्या घरात आधीपासूनच राहतो,
त्याला इंग्रजी नाव आहे
हे उशिरा कळलं एवढंच.

संध्याकाळी शगुफ्ता हमदुले येते.
वाळूत लिलाव पेटलेला असतो,
आम्ही जनरेटरवर आवाज चढवून एकमेकींना विचारतो.
ॲबंडंट! मुबलक!
ऑब्सोलीट! कालबाह्य!
एकदा ती ओरडली, स्केअर्स!
आणि पलीकडच्या सुरमईच्या नादात
मी म्हणाले, साडेतीन हजार.
बरोबरच आहे म्हण, शगुफ्ता म्हणाली.

चौथा अटेम्प्ट.
बंदरातली भरती दिवसातून दोनदा,
बँकेची वर्षातून एकदा.
मागच्या खेपेला कटऑफच्या पाव गुण अलीकडे राहिले,
एका चुकलेल्या 'द'ची किंमत.
आमच्या बोलण्यात तो नाहीच.
आम्ही समुद्र म्हणतो,
कुठला, असं कुणी विचारत नाही.
इंग्रजीत समुद्राआधी 'द' बसवायचा,
आणि कुणी खलाशी होऊन समुद्रावर गेला
की तो पुन्हा काढून ठेवायचा.

दामू गेला तेव्हा वारा पडलेला होता.
पाचव्या दिवशी बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला.
बोट जयगडच्या खाडीत आसऱ्याला असेल.
मस्ट हॅव, म्हणतो म्हातारा तांडेल.
मे हॅव, म्हणतो सोसायटीचा क्लार्क.
आई वायरलेसपाशी बसून,
तिला कुणाचंच क्रियापद पटत नाही.

त्याच रात्री मॉक टेस्टमध्ये प्रश्न सतरा.
गॉन म्हणजे गेलाय, परतला नाही.
बीन म्हणजे जाऊन आलाय.
चारातला एक पर्याय निवडा.
चुकीला पाव गुण वजा.
मी वाक्य मराठीत मोठ्याने वाचलं,
भाऊ समुद्रावर गेला आहे,
तशी आतून आई,
"गेला नको बोलू गो.
येतो सांगून भायेर पडलाय तो."

उंबरठा ओलांडताना 'येतो' म्हणणं,
हा कुठला काळ?
माझ्या पुस्तकात बारा काळांचा तक्ता आहे,
त्यात हा नाही.
प्रश्न सतरा मी सोडून दिला.

सातव्या दिवशी दुपारी बोट लागली.
जाळं फाटलेलं, डिझेल तळाला,
दामूची दाढी मिठाने पांढरी.
भात खाल्ला, ताटातच हात धुतला
आणि पंख्याखाली आडवा झाला.
आई त्याच्या घोरण्याशेजारी बसून मांदेली साफ करत होती.
मी पावतीमागे लिहिलं, हॅज बीन.
उत्तरतालिका उघडली नाही.

सव्वीसला पेपर, केंद्र रत्नागिरी.
पहाटेच्या एसटीला आई सोडायला आली,
पिशवीत डबा, कपाळाला अंगारा.
जाऊन ये, म्हणाली.
बीन, मी मनात म्हटलं.
फॉर्मवर 'कुठेही नेमणूक चालेल' असा रकाना होता,
त्यावर मी खूण केली आहे.
ते तिला अजून सांगितलेलं नाही.

आसूदच्या वळणापलीकडे रेंज गेली.
शगुफ्ताने मांडीवरचा पावत्यांचा गठ्ठा सोडला,
एक ओढली, डोळ्यांजवळ धरली.
शेवटचं अक्षर लागत नाही गं, रिलक्टंट आहे का?
हो, म्हटलं.
अर्थ?
येत होता.
खिडकीची काच खडखडत होती,
मी ती आधी नीट बसवली.